पॅरासिटामॉलचा हिशेब

चि. ऋतुजास,


तू पाठवलेला औषधांच्या डब्याचा फोटो मी मोठा करून नीट पाहिला. यातलं काय ठेवू आणि काय टाकू, असं तू विचारलं आहेस. टाकण्यासारखं त्यात फारसं नाही. पण त्या डब्यात एकच औषध सात-आठ नावांनी बसलेलं आहे आणि घरात ते कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही, म्हणून फोन न करता सविस्तर लिहिते आहे. वाचून झालं की हे पत्र निखिललाही दे.

डोलोच्या पट्टीवर ६५० लिहिलंय, ते पॅरासिटामॉल. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल ५००. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि जोडीला पॅरासिटामॉल ३२५. तुझ्या सासूबाईंना गुडघ्यासाठी दिलेल्या झिरोडॉल-पी मधला 'पी' तोच. डोकेदुखीसाठी आणलेली सॅरिडॉन, तिच्यातही ते आहे. तुझ्या लेकीच्या, ओवीच्या, तिन्ही बाटल्या त्याच्याच. आणि दीरांनी न्यू जर्सीहून आणलेली टायलेनॉलची ती मोठी बाटली, जिच्यावर ॲसिटामिनोफेन असं छापलंय, तेही हेच औषध. अमेरिकेत त्याला त्या नावानं ओळखतात, एवढंच.

आता निखिलच्या मागच्या तापाचा दिवस आठव. तूच सांगितलं होतंस. सकाळ, दुपार, रात्र मिळून तीन डोलो. नाक गळतंय म्हणून तीन वेळा सर्दीची गोळी. अंग फार ठणकलं म्हणून दोन कॉम्बिफ्लाम. त्याच्या मनात तीन वेगळी औषधं होती: तापाचं, सर्दीचं आणि अंगदुखीचं. लिव्हरला मात्र १९५०, १५०० आणि ६५० असं मिळून ४१०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल पोचलं. धडधाकट मोठ्या माणसाची चोवीस तासांची कमाल मर्यादा ४००० आहे. त्याचं काही बिघडलं नाही आणि एका दिवसात बहुधा बिघडतही नाही. पण असेच सलग चार-पाच दिवस गेले असते, त्यात तोंडाला चव नाही म्हणून तो जेवलाही नसता, तर मी इतक्या शांतपणे लिहीत बसले नसते.

माझं सगळं सांगणं एवढंच आहे, ऋतुजा. हे औषध चांगलं आहे. तापासाठी आणि साध्या दुखण्यासाठी मी आजही पहिल्यांदा तेच सुचवते. पोटाला आयबुप्रोफेनसारखं झोंबत नाही, किडनीवर तितका भार टाकत नाही, गरोदर बाईलाही गरजेपुरतं डॉक्टर हेच देतात, आणि तू ओवीला अंगावर पाजतेस त्यालाही त्याची आडकाठी नाही. मात्र त्याचा हिशेब गोळ्यांच्या संख्येवर किंवा नावांवर करायचा नाही, मिलिग्रॅमवर करायचा. आणि तो माणसागणिक वेगळा ठेवायचा.

मोठ्या माणसाला एका वेळी ५०० किंवा ६५० पुरतं. फारच झालं तर १०००, त्याच्या पुढे नाही. दोन डोसांत निदान चार तास गेलेच पाहिजेत. सहा ठेवलेस तर उत्तम. दिवसाची मर्यादा मी ४००० सांगितली खरी, पण डॉक्टरांना न विचारता घरच्या घरी घेणाऱ्याला मी ३००० वरच थांबवते. टायलेनॉलच्या उत्पादकांनीही २०११ मध्ये आपल्या ५०० च्या गोळीसाठी दिवसाची मर्यादा ४००० वरून ३००० वर आणली, ती लोक नकळत दोन-तीन औषधांतून हेच घेतात म्हणून. वजन पन्नास किलोच्या आत असेल, माणूस रोज दारू घेणारा असेल, कावीळ नुकतीच होऊन गेली असेल किंवा क्षयाचे औषधोपचार चालू असतील, तर २००० च्या पलीकडे आपल्या मनानं जायचंच नाही. तुझ्या सासऱ्यांची संध्याकाळची सवय मला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी आकडा २०००, आणि तोही डॉक्टरांना एकदा विचारून. हे त्यांना सांगायला संकोच वाटला तर माझं नाव सांग.

लिव्हरमध्ये होतं काय, तेही समजून घे, म्हणजे आकडे पाठ करावे लागणार नाहीत. पोटात गेलेलं बहुतेक पॅरासिटामॉल लिव्हर निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकतं. थोड्या भागापासून मात्र एक विषारी पदार्थ तयार होतो. तो निष्प्रभ करायला लिव्हरकडे ग्लुटाथायोन नावाच्या द्रव्याचा साठा असतो. हा साठा पाण्याच्या पिंपासारखा धर. रोज भरतो, रोज उपसला जातो, आणि तोवर कुणाला काही कळत नाही. भरण्यापेक्षा उपसा वाढला आणि तळ लागला, की तो विषारी पदार्थ थेट लिव्हरच्या पेशींना चिकटतो आणि पेशी मरू लागतात. रोजच्या दारूनं तो विषारी पदार्थ जास्त तयार होतो, तर उपासमारीनं साठाच आटतो. म्हणून तापात चार दिवस नुसत्या पाण्यावर असलेला माणूस आणि नवरात्रात नऊ दिवस कडक उपास करणारी तुझी जाऊ, या दोघांनीही हात आखडता ठेवावा. एरवी 'उपाशीपोटी गोळी नको' हा नियम पॅरासिटामॉलला लागू नाही. पहाटे कणकण वाटली आणि पोटात काही नसलं, तरी एक गोळी घ्यायला हरकत नाही. दिवसच्या दिवस न जेवणं ही वेगळी गोष्ट आहे.

जुनं औषध म्हणजे निर्धोक औषध, असं लोक धरून चालतात. हे औषध १८९३ मध्ये जर्मनीत योझेफ फॉन मेरिंग यांनी रुग्णांवर वापरून पाहिलं होतं. नंतर ते जवळजवळ अडगळीत गेलं. १९४८ मध्ये अमेरिकेत ब्रॉडी आणि ॲक्सेलरॉड यांनी दाखवून दिलं, की ॲसिटॅनिलाइड या त्या काळच्या वेदनाशामकाचा गुण शरीरात तयार होणाऱ्या याच द्रव्यामुळे येतो. १९५६ पासून ब्रिटनमध्ये ते दुकानात मिळू लागलं. आणि जास्त मात्रेनं लिव्हर नष्ट होतं, हे एडिंबराच्या डॉक्टरांनी रुग्णांच्या दाखल्यांसह छापलं ते १९६६ मध्ये. म्हणजे दुकानात येऊन दहा वर्षं झाल्यावर. आपल्याकडे लिव्हर अचानक निकामी होण्यामागे मुख्यतः विषाणूंची कावीळ असते. अमेरिका-ब्रिटनमध्ये सगळ्यात मोठं कारण ही गोळी आहे. तिथल्या रुग्णांतले पुष्कळ जण जीव द्यायला निघालेले नसतात. दुखतंय म्हणून घेत गेलेले असतात.

उशीर होतो तो ओळखू येत नाही म्हणून. पहिल्या दिवशी थोडी मळमळ, एखादी उलटी, घाम. कित्येकांना तेवढंही नाही. दुसऱ्या दिवशी तर बरंच वाटू लागतं. तिसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखतं, डोळे पिवळे होतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो, आणि तोवर लिव्हरची नासाडी होऊन गेलेली असते.

मी सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर असताना एका सोमवारी एक तरुण आला होता. गालाला रुमाल बांधलेला. शनिवारी रात्री दाढ उठली, रविवारी दातांचे दवाखाने बंद, म्हणून तो दर दोन तासांनी दोन-दोन गोळ्या घेत होता आणि आणखी गोळ्या मागायलाच खिडकीशी आला होता. मळमळतंय का, विचारलं तर म्हणाला, "हो, पण ते दाढेमुळं." त्याच्या शर्टाच्या खिशात रिकाम्या पट्ट्या होत्या. त्या मोजूनच डॉक्टरांनी त्याला लगेच जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवलं. तिथं वेळेत उपचार झाले आणि तो बरा होऊन घरी गेला. दाढदुखी हा या औषधाच्या बाबतीत फार फसवा प्रकार आहे. दुखणं थांबत नाही आणि माणूस घड्याळ सोडून कळांप्रमाणे गोळ्या घेत सुटतो. अशा वेळी दंतवैद्य गाठायचा, गोळ्या वाढवायच्या नाहीत.

या विषबाधेवर उतारा आहे, आणि तो चांगला आहे. एन-ॲसिटिलसिस्टीन. एडिंबराच्याच लॉरी प्रेस्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात तो शिरेवाटे देऊन सिद्ध केला. लिव्हरचा रिकामा झालेला साठा तो पुन्हा भरून काढतो. आठ तासांच्या आत मिळाला तर जवळजवळ प्रत्येक माणूस वाचतो. उशिरा दिला तरी उपयोग होतो, पण खात्री कमी होत जाते. म्हणून ओवीनं बाटली तोंडाला लावली, सासऱ्यांनी विसरून दुप्पट गोळ्या घेतल्या, किंवा कुणी रागाच्या भरात मूठभर गोळ्या गिळल्या, तर 'तो तर ठीक दिसतोय' असं म्हणून वाट बघत बसायचं नाही. मिठाचं पाणी पाजून उलटी काढण्यात वेळ घालवायचा नाही. १०८ ला फोन करायचा किंवा थेट मोठं रुग्णालय गाठायचं, सोबत पट्टी किंवा बाटली न्यायची आणि किती वाजता घेतलं ते सांगायचं. रागाच्या भरात घेतलेल्याला त्या वेळी बोल लावू नका. खरं सांगायची हिंमत त्याला राहिली पाहिजे, कारण पुढचे उपचार त्या खऱ्या वेळेवर अवलंबून असतात. नंतर मनाच्या आधारासाठी १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. ब्रिटनमध्ये १९९८ साली एका खोक्यातल्या गोळ्यांवर मर्यादा घातली आणि मृत्यू कमी झाले. घरात शंभर गोळ्यांची बाटली उघडी नसणं, एवढ्यानंही फरक पडतो. ती टायलेनॉलची बाटली कपाटात वर, कुलपात ठेव.

आता ओवी. तिच्या बाबतीत जास्त लिहिणार आहे, कारण घोटाळा सगळ्यात सोपा तिथं होतो.

मुलांचा डोस वयावरून नाही, वजनावरून ठरतो. एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. सहा तासांचं अंतर, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. ओवी दहा किलोची धरली तर एका वेळी जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम. आता तुझ्या तीन बाटल्या बघ. एकीवर '५ मिलीत १२५' आहे, तिच्यातले ६ मिली म्हणजे १५० मिलिग्रॅम. दुसरीवर '५ मिलीत २५०', तिच्यातले ३ मिली पुरे. तिसरी ड्रॉपरची छोटी बाटली, ती तान्ह्या बाळांसाठी म्हणून सौम्य असेल असं वाटतं ना? ती सगळ्यात कडक आहे. तिच्या १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतात, म्हणजे ओवीला दीड मिली. मात्रा थोडी असली की बाळ थुंकून टाकत नाही, म्हणून ते तसं बनवतात. तीच बाटली आजीनं चष्म्याशिवाय उचलली आणि ५ मिलीचा चमचा भरून पाजला, तर एका घोटात ५०० मिलिग्रॅम गेले. म्हणून घरात एकाच ताकदीची बाटली ठेव. बाकीच्या दोन आजच बाजूला कर. ठेवलेल्या बाटलीवर ठळक पेनानं ओवीचं नाव, वजन आणि किती मिली ते लिही. दर दोन-तीन महिन्यांनी वजन बदललं की आकडा बदल.

माप घेताना चहाचा चमचा नको. प्रत्येक घरातला चमचा निराळा. बाटलीसोबत आलेलं मापाचं टोपण किंवा सुई नसलेली सिरिंज वापर. आधी बाटली चांगली हलव, नाहीतर वरचं पातळ आधी संपतं आणि तळाशी उरलेलं दाट शेवटच्या दिवशी पोटात जातं. डोस दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत सगळं उलटून पडलं तर एकदा परत देता येतं. त्यानंतर उलटी झाली तर पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. मोठ्यांची गोळी पाव करून पाण्यात विरघळवून देणं ही आपल्याकडची फार जुनी खोड आहे, ती अजिबात नको. घरातल्या मोठ्यांच्या गोळीत काय मिसळलंय ते कुणी बघत नाही. त्यात निमेसुलाइड असू शकतं, आणि ते बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. ॲस्पिरिन मुलांच्या वाटेला जाऊच देऊ नकोस. सर्दीची मिश्र सिरपंही ओवीला नकोत. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असं २०२३ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनीच बजावलं आहे.

आणि प्रत्येक तापाला औषध लागत नाही, हे मला तुला विशेष सांगायचंय. ताप हा शरीराचा प्रतिकार आहे. ओवीला १०१ ताप आहे, पण ती पाणी पितेय, खेळतेय, हसतेय, तर बाटली उघडायची गरज नाही. ती किरकिरतेय, अंग दुखतंय, दूध घेत नाही, तेव्हा द्यायचं, तिला बरं वाटावं म्हणून. थर्मामीटर ९८.६ वर आणणं हे आपलं काम नाही. शांत झोपलेल्या बाळाला डोससाठी उठवू नकोस. औषधानं ताप एक-दोन अंशांनी उतरतो आणि काही तासांनी परत चढतो. म्हणजे औषध खोटं ठरलं, असं नाही. आजार अजून चालू आहे. तापात येणारे झटके पॅरासिटामॉल आधीच दिल्यानं टळतात असंही नाही. झटका आलाच तर बाळाला कुशीवर वळव, तोंडात काही घालू नकोस, कांदा हुंगवायला कुणाला पाठवू नकोस, घड्याळ बघ आणि पाच मिनिटांत थांबला नाही तर रुग्णालयात ने. थांबला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव.

कोलन वॉटरच्या घड्या आमच्या लहानपणी घरोघर ठेवायचे. त्या बाळाला नकोत. त्यातलं अल्कोहोल कातडीतून आणि श्वासातून आत जातं. बर्फाचं पाणीही नको. बाळ हुडहुडतं आणि अंगातली उष्णता उलट वाढते. अंगावरची गोधडी काढ, पातळ कपडे घाल, पेज नाहीतर वरणाचं पाणी घोट-घोट पाज. यापेक्षा जास्त काही लागत नाही.

कुठल्याही औषधाच्या आधी डॉक्टर गाठायचे ते असे प्रसंग: तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि १००.४ किंवा जास्त ताप. बाळ उठवूनही नीट जागं होत नाही. श्वास भरभर चाललाय. सहा-आठ तासांत लघवी नाही. मान कडक झालीय. अंगावर जांभळट ठिपके आलेत. मोठं माणूस असो की लहान, ताप तीन दिवसांपलीकडे गेला की गोळ्या चालू ठेवून बघत बसायचं नाही.

पावसाळ्यात यात आणखी एक भर पडते, ती डेंग्यूची. कुठला ताप आहे ते कळेपर्यंत घरात फक्त पॅरासिटामॉल. कॉम्बिफ्लाम, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांनी रक्तस्राव वाढू शकतो. (सासऱ्यांची हृदयासाठीची रोजची ॲस्पिरिन मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आपण होऊन बंद करू नका.) डेंग्यूत लिव्हरलाही सूज येते, म्हणून पॅरासिटामॉलचा हिशेब तर जास्तच काटेकोर ठेवायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरला म्हणून हुश्श करू नका. डेंग्यूचा धोक्याचा काळ ताप उतरतानाच सुरू होतो. पोटात कळा, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, यांतलं एक जरी दिसलं तरी रुग्णालय.

सासूबाईंचं थोडक्यात. झिरोडॉल-पी चालू असताना वर डोलो किंवा कॉम्बिफ्लाम नाही. कॉम्बिफ्लाममधलं आयबुप्रोफेन आणि झिरोडॉलमधलं ॲसिक्लोफेनॅक एकाच जातीचे आहेत, आणि दोन्ही ब्लड प्रेशरच्या गोळ्यांबरोबर किडनीला जड जातात. गुडघ्याची गोळी रोज लागते आहे, हे त्यांच्या डॉक्टरांना एकदा स्पष्ट सांगा. कुणाला रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोमसारखी, तर सलग काही दिवस घेतलेल्या पॅरासिटामॉलनं तिचा परिणाम वाढतो, हेही डॉक्टरांच्या कानावर घालायचं. आणि निखिलची डोकेदुखी: महिन्यातून पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस गोळी लागत असेल, तर गोळीमुळेच डोकं दुखू लागतं. त्यानं डोळे तपासून घ्यावेत आणि डॉक्टरांना दाखवावं.

तुमच्या कोपऱ्यावरचा मेडिकलवाला पट्टी कात्रीनं कापून दोन-दोन गोळ्या देतो, हे फोटोत दिसलंच. तुझ्या डब्यातल्या चार तुकड्यांवर ना नाव आहे, ना किती मिलिग्रॅमची ते, ना मुदत. नुसती चंदेरी चौकट आणि आत पांढरी गोळी. ते चारही तुकडे वापरू नकोस. यापुढे एक तर पूर्ण पट्टी घे, नाहीतर नाव आणि मुदत छापलेला भाग तुझ्या वाट्याला येईल असं त्याला सांग. तेवढंही जमलं नाही तर दुकानातच मूळ पट्टीचा फोटो काढ. पट्टीच्या मागच्या बारीक अक्षरांत घटकांची नावं असतात. घरात नवीन औषध आलं की त्यात पॅरासिटामॉल आहे का ते शोधायचं आणि सापडलं तर पट्टीवर लाल पेनानं 'पॅरा' आणि आकडा लिहायचा. आजारपणात फ्रिजवर एक कागद लाव: नाव, वेळ, किती मिलिग्रॅम. तुम्ही दोघं आळीपाळीनं जागता, तेव्हा 'मी दिलं होतं' आणि 'मला वाटलं तू दिलं नाहीस' यात रात्री दोनला दुहेरी डोस जातो. कागदावर असलं की जात नाही.

ओवीचं वजन या आठवड्यात करून घे, आणि तिन्ही बाटल्यांतली कुठली ठेवलीस ते तिच्या लेबलाच्या फोटोसकट कळव. तिला एका वेळी किती मिली द्यायचं ते मी तुला लिहून पाठवते. ते तुमच्या मुलांच्या डॉक्टरांना दाखवून घे आणि मगच बाटलीवर चिकटव.

सगळ्यांना नमस्कार. ओवीला गोड पापा.

तुझी,
मावशी